किक-ऑफचा परतावा

आमच्या डेपोत 'किक-ऑफ' हा शब्द पहिल्यांदा मेलमधून आला तेव्हा गोदामातल्या एका हमालाने मला विचारलं होतं, "मॅडम, कोण्या टीमची मॅच हाये?" मी पोट धरून हसले. तो मात्र गंभीर होता, कारण त्या मेलबरोबर सगळ्यांच्या टी-शर्टची मापंही मागवली होती.

ती एकत्रीकरणाची वर्षं होती. आमची मूळ कंपनी लहान, केळी-कापसावर फवारायची औषधं विकणारी. तिला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं, तिचा धंदा पंपांचा. 'विकत घेतलं' असं म्हणायला बंदी होती, 'आपण एकत्र आलो' असं म्हणायचं. एकत्र आलो म्हणजे काय, तर दोन प्रकारची बिलं, दोन चहावाले आणि एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघणारी दोन प्रकारची माणसं एका पत्र्याखाली आली. बऱ्हाणपूरचा डेपो म्हणजे इच्छापूरच्या रस्त्यावरचं एक गोदाम आणि त्याच्या पुढे काचेची खोली. त्या खोलीत मी बसायचे. बिलं करायची, दुकानदारांचे फोन घ्यायचे, माल कुठे अडकला ते शोधायचं. विक्रीशी माझा संबंध इतकाच की दुसऱ्याने विकलेलं मी लिहून ठेवायचे. इंदूरला बसणाऱ्या नव्या साहेबांनी तेही बदललं. ऑफिसातल्या माणसांनाही टार्गेट, असं फर्मान निघालं, आणि माझ्या वाट्याला बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप आला. पाठीवर घ्यायचा, बटण दाबायचं, हापसायची कटकट नाही. वस्तू खरंच चांगली होती. हे मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं, आप्पांनाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. मराठी शाळेतले गुरुजी. निम्मी नोकरी दापोऱ्याला, उरलेली नदीपलीकडे जैनाबादला. निवृत्त झाल्यावर आई आणि ते बुधवाऱ्यात, एका बांगड्यांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचे. माझं सासर गावातच, त्यामुळे माझी रोज एक चक्कर असायची. आप्पा कुणाकडून काही घेत नसत. हा त्यांचा गुण होता की खोड, यावर आईचं आणि त्यांचं कधी एकमत झालं नाही. दापोऱ्याला असताना एखाद्या पालकाने केळीची फणी घरी पाठवली की ती आल्या पावली परत जायची. आई म्हणायची, "अहो, केळीच्या गावात राहून आम्ही केळी विकत खायची का?" आप्पा म्हणायचे, "हो." एवढंच. मला लहानपणी या गोष्टीचा राग यायचा. नंतर मी ती कॉलेजात अभिमानाने सांगत असे.

पहिल्या किक-ऑफच्या, म्हणजे विक्रीच्या मोसमाआधीच्या मेळाव्याच्या, निमंत्रणात लिहिलं होतं की प्रत्येकाने घरातलं एक माणूस बरोबर आणावं. नवऱ्याला बँकेतून सुट्टी नव्हती. सासूबाईंनी मोठ्या आवाजाच्या गाण्यांचं कारण सांगून हात झटकले. राहिले आप्पा. त्यांना सभेचं फार. कुठेही व्याख्यान असो, हे आपले पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, शेवटचं आभारप्रदर्शन होईपर्यंत. मी म्हटलं, चला, जेवणही चांगलं असेल. ते धुतलेलं पांढरं धोतर नेसून आले.

ज्या मंगल कार्यालयात आमच्या निम्म्या नातलगांची लग्नं लागली, तिथेच कार्यक्रम होता. पण त्या दिवशी ओळखू येत नव्हतं. मंचावर धूर सोडणारं यंत्र होतं, कानठळ्या बसवणारं गाणं होतं, आणि साहेब टी-शर्ट घालून धुरातून धावत आले. आप्पांनी मला विचारलं, "आग तर नाही ना लागली?" सकाळी नाश्त्याला मावा जिलेबी ठेवली होती, ती खाऊन सगळे सुस्तावले होते. त्यांना जागं ठेवायला साहेब दर दोन वाक्यांनी "आवाज नाही आला!" असं ओरडायचे, आणि सगळे हॅऽऽ करायचे. आप्पाही करायचे. मला मजा वाटत होती.

मग संकल्प सुरू झाला. ही युक्ती साहेबांची नव्हती, आमच्याच गावच्या विक्रीप्रमुखाची होती. एकेकाने मंचावर यायचं, घरच्या माणसाला शेजारी उभं करायचं, दोघांनी मिळून हातात नारळ धरायचा आणि वर्षाचा आकडा माइकवर बोलायचा. आमच्याकडे नारळ हातात घेऊन बोललेली गोष्ट नुसती बोललेली नसते. सोयरीक नारळाने पक्की होते, भाऊबंदांचा बांधावरचा तंटा नारळाने मिटतो. हे विक्रीप्रमुखाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण त्या धुरात, त्या गाण्यात ते कुणाच्या लक्षात होतं? पायऱ्या चढताना त्याने माझ्या कानात सांगितलं, "मॅडम, शंभर बोलून टाका. कोण मोजून राहिलं?"

मी बोलून टाकलं. "दसऱ्याच्या आत शंभर पंप!" टाळ्या पडल्या. नारळाखाली माझा हात, माझ्या हाताखाली आप्पांचा.  परतताना रिक्षात आप्पा म्हणाले, "शंभर म्हणजे बरेच झाले गं." मी मोबाइलवर फोटो बघत होते. "होतील हो आप्पा," मी म्हटलं.

"दसऱ्याच्या आत?"

"हो हो."

कोण मोजतंय म्हणणाऱ्या विक्रीप्रमुखाला साहेब नीट माहीत नव्हते. महिनाभरातच इंदूरहून हुकूम आला की किक-ऑफवर जो खर्च झाला त्याचा परतावा काय मिळाला, ते प्रत्येक डेपोने मोजून कळवावं. कार्यालयाचं भाडं, जेवण, टी-शर्ट, धूर, विक्रीच्या पोरांचे फुकट गेलेले दिवस, हे सगळं एका बाजूला. किक-ऑफमुळे वाढलेली विक्री दुसऱ्या बाजूला. आमच्या डेपोचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एम. कॉम. आणि माझ्या बिलात चूक सापडत नाही अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मीच पसरवलेली होती.

खर्चाची बाजू सोपी होती. दुसऱ्या बाजूवरून माझं आणि विक्रीप्रमुखाचं वाजलं. त्याचं म्हणणं, पावसाळ्यात वाढलेली सगळी विक्री किक-ऑफच्या खात्यात टाका. मी म्हटलं, असं कसं? मृगात केळीची नवी बाग लागली की औषधं जाणारच, केळीवर करपा आला की पंप जाणारच. दरवर्षी जातात. त्याचं श्रेय पावसाला द्या, धुराला कशाला? तो म्हणाला, "तुम्ही ना, आपल्याच पायावर दगड मारून राहिल्या." मी ऐकलं नाही. साहेबांना फोन करून सांगितलं की असा हिशेब खोटा होईल. साहेब खूश झाले. म्हणाले, मग गिऱ्हाइकालाच विचारा ना. गॅरंटीसाठी प्रत्येकाचा नंबर घेतलेला असतोच. फोन करा, 'पंप का घेतला?' एवढंच विचारा. जे किक-ऑफमुळे झालं ते वेगळं निघेल.

तोवर माझे पंप जोरात चालले होते. औषधांची विक्री दर पावसाळ्यात वाढते तेवढीच वाढली होती, विक्रीच्या पोरांचे आकडे होते तिथेच होते, पण माझे पंप म्हणजे काय विचारता! दापोऱ्याचा दुकानदार पुन्हा पुन्हा माल मागवत होता, जैनाबादवालाही. मला वाटायचं, हा माझ्या फोनचा प्रताप. मी दुकानदारांशी बोलायचेच तशी, लाडीगोडी लावून, मध्येच दम देऊन. गणपतीपर्यंत शंभराच्या जवळ आले होते. मी डेपोत पदर खोचून फिरायचे. विक्रीच्या पोरांना म्हणायचे, "शिका जरा ऑफिसच्या बाईकडून." एकदा आप्पांकडे जाऊनही मिरवलं. "बघितलंत आप्पा? म्हणत होते ना, होतील!" आप्पा वर्तमानपत्राची घडी घालत होते. "छान झालं," ते म्हणाले, आणि घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

मग मी फोन करायला बसले.

पहिला नंबर दापोऱ्याच्या एका शेतकऱ्याचा लागला. "पंप? हाव, घेतला ना. गुर्जींनी सांगितलं." मी विचार केला, असेल कुणी कीर्तनकार, नाहीतर शेतीचा सल्ला देणारा. हल्ली त्यांनाही गुरुजी म्हणतात. दुसरा फोन. "गुर्जी आले होते घरी." तिसरा फोन जैनाबादला, एका बाईने उचलला. मी विचारलं, पंप का घेतला, जुना खराब झाला होता का?

"नाही वं माय, जुना चांगला चालून राहिला. हा नवा तं खोक्यातच हाये. आमच्या मालकाचे गुर्जी हायेत, बुधवाऱ्यातले. आधी एकदा आले तं आमी चहापाणी केलं, म्हटलं बघू. परत आले. मग मालक म्हणे, आता गुर्जीले नाही कसं म्हनावं?"

माझ्या हातातला पेन खाली पडला. तो उचलायला मी वाकले आणि टेबलाखालीच थोडा वेळ राहिले. काचेच्या खोलीत बसणाऱ्याला लपायला दुसरी जागा नसते.

तरी मला खात्री करायची होती. खरं सांगायचं तर मला कुणीतरी 'नाही' म्हणायला हवं होतं. म्हणून मी पुढचा नंबर लावला. तो पुलाजवळ चहाची टपरी चालवणाऱ्याचा निघाला. मी विचारलं, "तुमचं शेत कुठे आहे?" तो मोकळं हसला. "मॅडम, शेत कायचं? दारात एक तुळस हाये. तिले फवारा मारतो." मग हसणं थांबवून म्हणाला, "गुर्जी हातात काठी घेऊन एवढा पूल चालून आले. त्यांनी आमच्याकडं जिंदगीत काही मागितलं नाही. पहिल्यांदा मागितलं, तं मी काय शेत पाहू?"

मी आभार मानून फोन ठेवला. काचेपलीकडे विक्रीची पोरं बसली होती, त्यांनी काही ऐकलं नव्हतं, पण मला त्या सगळ्यांसमोर उघडं पडल्यासारखं झालं.  ज्या माणसाने केळीची फणी परत पाठवली, तो माणूस शेत नसलेल्यांच्याही दारात पंप घ्या म्हणून उभा राहिला होता. आणि मी पदर खोचून फिरत होते.

बुधवाऱ्यात गेले तेव्हा आप्पा गच्चीवर होते. आईने दारातच हळू आवाजात सांगितलं की तिला माहीत नव्हतं असं नाही. "रोज सकाळी निघायचे. मला म्हणायचे, चाललं म्हणजे गुडघा मोकळा होतो. दापोऱ्याला बसने जायचे, परत येताना कधी बस चुकली की कुणाच्या तरी मोटरसायकलवर. मी विचारलं तर म्हणाले, पोरीचा शब्द आहे."

मी वर गेले आणि बसायच्या आधीच सुरुवात केली. "आप्पा, तुम्ही लोकांच्या दारोदार फिरलात?"

"गेलो होतो."

"कशाला? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? वस्तू चांगली आहे असं तूच म्हणाली होतीस."

"चहाच्या टपरीवाल्याला पंप, आप्पा? त्याच्याकडे तुळस आहे!"

आप्पा थोडे ओशाळले. "त्याने स्वतःच म्हटलं, द्या गुरुजी. मी नको म्हणालो होतो. पण तेव्हा दसरा जवळ आला होता."

मग मी ओरडलेच. "अहो आप्पा, ते टार्गेट असतं! तिथे सगळेच काहीतरी बोलतात. कुणी पाळत नाही. नाही जमलं तर पुढच्या वर्षी दुसरा आकडा बोलायचा. ते बोलायचंच असतं, करायचं नसतं!"

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. वर्गात एखाद्या पोराने नवीनच काही सांगितलं की ते असे बघायचे. मग अगदी साधेपणाने विचारलं, "मग नारळ कशाला हातात घेतला?"

 त्या प्रश्नाने मला आणखी राग आला. मी म्हटलं, "मला लाज वाटते, आप्पा." मला म्हणायचं होतं स्वतःची. पण मी तसं म्हटलं नाही, आणि त्यांनी ते आपल्यावर घेतलं. ते म्हणाले, "असू दे," आणि कुंड्यांना पाणी घालायला लागले. मी खाली येऊन आईपाशी रडले. आई म्हणाली, "आता काय उपयोग? सगळ्यांकडे जाऊन झालं त्यांचं." ते खरंच होतं. जाताना मी वर हाक मारून सांगितलं की आता कुठे जाऊ नका. वरून "नाही जाणार" असं उत्तर आलं.

इंदूरला पाठवायचा अहवाल मी खरा लिहिला. लपवायचं मनात आलं नाही असं नाही, पण लपवलं असतं तर तो परतावा धुराच्या आणि गाण्याच्या नावावर गेला असता, आणि ते मला मुळीच सोसलं नसतं. मी लिहिलं की औषधांची वाढ मोसमाची आहे. पंपांची वाढ एका कर्मचाऱ्याच्या वृद्ध वडिलांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटून, त्यांच्या भिडेचा फायदा घेऊन केलेली आहे. बरेच पंप वापरात नाहीत. किक-ऑफचा परतावा शून्य धरावा. 'भिडेचा फायदा घेऊन' हे शब्द लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिले. मला वाटलं, हे वाचून साहेबांनाच वाईट वाटेल आणि तो नारळाचा प्रकार बंद होईल.

साहेबांचा फोन त्याच दिवशी आला. ते इतके आनंदात होते की मला आधी समजेना. "मॅडम, शून्य काय म्हणताय? हाच तर परतावा आहे! किक-ऑफ झाला नसता तर तुमचे फादर घराबाहेर पडले असते का?"

मी म्हटलं, "नाही, पण सर..."

"मग? आपण विक्रीच्या पोरांना चार्ज करत होतो. खरे चार्ज झाले घरचे लोक. ही गोष्ट कुणालाच सापडली नव्हती, तुम्ही शोधून काढली."

त्यांच्या बोलण्यात मला कुठे खोट काढता येईना. नारळ त्याच मंचावर धरला होता. हिशेबाने बघितलं तर साहेब बरोबर होते, आणि हिशेब मीच करून दिला होता. त्यांनी त्याला 'बऱ्हाणपूर पद्धत' असं नाव दिलं आणि सगळ्या डेपोंना कळवलं की पुढच्या किक-ऑफला आई-वडिलांना आणणं सक्तीचं.

दुसऱ्या वर्षी आप्पांना खास बोलावणं होतं, शाल द्यायची होती. त्यांचा गुडघा दुखतो असं मी कळवलं. दुखत होताच. मी एकटी गेले आणि शेवटच्या रांगेत, खांबामागे बसले. धूर सुटला, साहेब धावत आले, आणि मागच्या पडद्यावर आप्पांचा फोटो लागला. पहिल्या वर्षीचा, नारळ धरलेला. भिंतीएवढे आप्पा. खाली लिहिलं होतं, 'आमचे सर्वोत्तम सेल्समन.' सगळं कार्यालय टाळ्या वाजवायला लागलं. यंदा बोलावलेल्या दुकानदारांपैकी शेजारी बसलेला एक मला कोपराने ढोसून म्हणाला, "मॅडम, वाजवा ना, तुमचेच वडील आहेत." मी वाजवल्या. त्या टाळ्या वाजवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकेकाची आई, एकेकाचे वडील मंचावर चढायला लागले. आमच्यातल्या एका पोराची आई डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती, तिला माइक कुठे धरायचा ते कळत नव्हतं. पोराने कानात सांगितलेला आकडा तिने जोराने म्हटला, आणि साहेब म्हणाले, "आवाज नाही आला!" तेव्हा तिने पुन्हा म्हटला.

त्या वर्षी मोजमापाचं काम मी अंगावर घेतलं नाही. दुसऱ्या कुणीतरी केलं. परतावा चांगला आला म्हणे.

तो फोटो कुणीतरी मोबाइलवर पाठवला, आणि फिरत फिरत आईच्या मोबाइलवर आला. आप्पांनी तो चष्मा लावून बघितला. खालचं वाक्य त्यांनी वाचलं असणारच. म्हणाले, "फोटो बरा आला आहे." मी तिथेच होते. मी विषय बदलला.

त्या हिवाळ्यात बाहेरगावी नोकरीला असलेल्या माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या तशी आप्पांनी आधी नदीपलीकडच्या आणि दापोऱ्याच्या काढून वेगळ्या ठेवल्या. नातेवाइकांना टपालाने गेली तरी चालेल, म्हणाले, पण पोरांना हातात द्यायला हवी. त्यांची पोरं म्हणजे केस पिकलेले बाप्ये, पण त्यांच्या तोंडी पोरंच. गुडघ्यामुळे त्यांना बसने जाणं जमेना, म्हणून मी रजा काढली आणि त्यांना स्कूटीवर मागे बसवून निघाले. मांडीवर पिशवी, पिशवीत पत्रिका, कुंकवाची डबी, अक्षता. बऱ्याच दिवसांनी आप्पा खुशीत होते. मागून मला सांगत होते, हा मळा अमक्याचा, हा फार हूड होता, याचं अक्षर मोत्यासारखं. मलाही वाटलं, गेल्या वर्षीचं आता कोण लक्षात ठेवतंय?

दापोऱ्यात पहिल्याच घरी तो माणूस अंगणात बसून ठिबकची नळी जोडत होता. आमची गाडी बघून उठला, हात पुसले. पूर्वी हाच आधी पाया पडायचा, मग बोलायचा. आप्पा अजून गाडीवरून उतरत होते, एक पाय जमिनीवर, एक वर, तेवढ्यात त्याने हात जोडले. "गुर्जी, यंदा नका सांगू. हात जोडतो. गेल्या वर्षीचाच तसाच पडून हाये."

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तो अक्षरशः विनवत होता. आप्पांची पत्रिका पिशवीतून अर्धी बाहेर आली होती.

"अरे, लग्न आहे," आप्पा म्हणाले. "मुलाचं लग्न आहे माझ्या."

त्या माणसाचा चेहरा मला बघवला नाही. तो झटकन खाली वाकला, पाया पडला, बायकोला हाक मारली, खुर्ची आणली, ती पुसली, दुसरी आणली. मग आम्ही सगळेच फार मोठमोठ्याने बोलायला लागलो, लग्नाबद्दल, थंडीबद्दल, केळीच्या भावाबद्दल. आप्पांनी पत्रिकेला कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या, सहकुटुंब या म्हणाले, आणि दिलेला चहा पूर्ण प्यायले. परत गाडीवर बसल्यावर त्यांनी मळे दाखवले नाहीत.

दुसऱ्या घराचं दार लोटलेलं होतं. आम्ही हाक मारायच्या आधीच आतून बाई म्हणाली, "ते घरी नाहीत." दाराशी पुरुषाच्या चपला होत्या. मी त्या बघितल्या, आप्पांनीही बघितल्या. आप्पा दारापासून जरा मागे सरले आणि आत ऐकू जाईल असं म्हणाले, "लग्नाची पत्रिका आहे, ताई. दुसरं काही नाही." दार उघडलं. बाईने पत्रिका घेतली, पाणी विचारलं, आम्ही नको म्हटलं.

मी गाडी सुरू करत असताना ते मागून म्हणाले, "कामाचे दिवस आहेत. दमलेला असेल." मी हो म्हटलं.  मला थांबून मागे वळायचं होतं, त्यांचा हात धरायचा होता, त्या दिवशी गच्चीवर मी कुणाची लाज म्हणाले होते ते नीट सांगायचं होतं. पण दापोऱ्याच्या गल्लीत स्कूटी थांबवून हे कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

तिसऱ्या घराशी मी गाडी उभी केली तेव्हा आप्पा उतरलेच नाहीत. पिशवीतून पत्रिका काढली, कुंकू लावलं, चार अक्षता वर ठेवल्या आणि ती माझ्या हातात दिली.

"तूच जा," ते म्हणाले. "मला बघितलं की लोक घाबरतात."

मी पत्रिका घेऊन आत गेले.